पुढे सरकवलेला प्याला

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे नारपोलीत कुणालाही विचारा. भाजीवाला मला पाहिलं की तराजू नीट धरतो. मी नर्स होते तेव्हा दवाखान्यातले वॉर्डबॉय माझी चाहूल लागली की मोबाईल खिशात टाकायचे. यात मिरवण्यासारखं काही नाही. पण ही हकिगत सांगायची तर स्वभाव आधी सांगायला हवा, कारण त्याच्यापायी मी दहा-बारा दिवस जिवाला असा घोर लावून घेतला होता की अन्न गोड लागत नव्हतं. आता सगळं निवळलंय. आता आठवलं की रडू येतं आणि रडता रडता हसूही फुटतं.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान आहे. चाळीस-पंचेचाळीस माणसं. भिवंडीतल्या या नारपोलीत एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यावर माडी आहे, तिथे आमची रविवारची उपासना होते. भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे रविवारी खाली यंत्रं जोरात चालू. जमीन हलते, पाळकांना ओरडून प्रवचन करावं लागतं, नव्या माणसाला वाटतं भूकंप झाला. आम्हाला इतकी सवय की एकदा वीज गेली, लूम थांबले, आणि आमचं गाणंच तालातून सुटलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस, प्रभूच्या आठवणीसाठी. रस आम्ही विकत आणत नाही. काळे मनुके भिजवून, उकळून, गाळून घरीच करतो, आणि गेली अकरा वर्षं हे काम आम्हा दोघींचं होतं. मी आणि ती. ती जवळच्या अंजूर गावची, माझ्याच वयाची, साठीच्या आतबाहेर. मी तिला बाय म्हणायचे, ती मला वयनी. चौदा वर्षांपूर्वी ती आमच्या ख्रिस्ती विश्वासात आली. घरचे सगळे आपापल्या देवांचे, ही एकटीच आमच्यात यायची, आणि घरात त्यावरून कधी वाद नव्हता. उलट थोरला मुलगाच रविवारी तिला रिक्षात बसवून द्यायचा.

मी नगरकडची. माझे आजोबा तिथल्या मंडळीत वडील, म्हणजे पंचांपैकी एक, होते, बापाने आयुष्यभर देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा वाजवली, आणि मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. हे तिसऱ्या पिढीचं वारं माझ्या डोक्यात किती शिरलेलं आहे, हे मला त्या शनिवारपर्यंत माहीत नव्हतं.

नारपोलीत नळाला पाणी तासभर येतं, तेही त्याच्या मनात आलं तर. म्हणून मनुके धुवून भिजत घालायचं काम तिच्याकडे. अंजूरला तिच्या घरी बोअरचं पाणी आहे. शनिवारी दुपारी भिजलेल्या मनुक्यांचा स्टीलचा डबा घेऊन ती रिक्षाने माझ्याकडे यायची. मग मी उकळायचे. गाळताना फडक्याचं एक टोक ती धरायची, एक मी, आणि पिळता पिळता आख्ख्या भिवंडीच्या गप्पा. खरं सांगायचं तर त्या फडक्याशी जेवढं मन मोकळं झालं तेवढं प्रार्थनेतही कधी झालं नसेल.

त्या शनिवारी ती आली ती हात हलवत.

"डबा कुठाय?" मी विचारलं.

तिने आधी उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या. "अगं आयो! रिक्षात रायला की."

विसरणं हा तिचा जुनाच रोग. छत्र्या किती घालवल्या त्याला गणती नाही. पण मनुके? उद्या सकाळी दहाला उपासना आणि हिच्याकडे डबा नाही. माझं डोकं तापायला लागलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वातावरण हलकं करायला म्हणाली, "जाऊ दे ना वयनी. रिक्षावाला खाईल, त्याची पोरं खातील. त्यांना पन परसाद."

झालं. तो शब्द ऐकला आणि माझा तोल गेला.

"परसाद? चौदा वर्षं झाली तुला आमच्यात येऊन आणि अजून परसाद? तुम्हा नव्या लोकांना ना, या गोष्टीचं मोल कधी कळायचंच नाही!"

तिचं हसू तिथल्या तिथे मावळलं. तिच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता, पण ती सदा काही ना काही चघळत असायची, म्हणून मी लक्ष दिलं नाही. ती "बरं" एवढंच म्हणाली. पिशवी उचलली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. मी मागून हाक मारली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून मनुके आणले, गरम पाण्यात दोन तास ठेवले, आणि खुर्चीच्या पाठीला फडक्याचं टोक बांधून एकटीने पिळले. रस पातळ झाला, गुलाबी पाण्यासारखा. त्याचाही राग मी तिच्यावरच काढला.

आता आमच्या मंडळीतला एक रिवाज सांगते. प्रभुभोजनाच्या आधी पाळक म्हणतात, "कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल, तर आधी उठा." मग माणसं सतरंजीवरून उठतात, ज्याच्याशी बिनसलंय त्याच्यापाशी जातात, दोन्ही हातांत त्याचे हात घेतात आणि परत येऊन बसतात. बोलायचं काही नाही. खाली लूमचा खडखडाट असतो, बोललं तरी ऐकू येणार नाही. नवरा-बायको उठतात, सासू-सुना उठतात. आणि ज्याला मन साफ करता येत नाही, त्याने त्या दिवशी प्याला तोंडाला न लावता पुढे सरकवायचा. असं क्वचित घडतं, पण कुणाच्या नजरेस पडलं की त्याची चर्चा होते.

त्या रविवारी ती उशिरा आली. समोरच्या रांगेत भिंतीला टेकून बसली, पदर तोंडावर धरून. एक गाणं नाही म्हटलं तिने. तोंड हे एवढं फुगलेलं. मी मनात म्हटलं, बस रुसून. पाळकांनी "उठा" म्हटलं आणि मी डोळे गच्च मिटून घेतले, प्रार्थनेत असल्यासारखे. हे मी ठरवून केलं. डोळे मिटलेल्या माणसाला आमच्यात कुणी हलवत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. उघडले तेव्हा सगळे जागेवर बसले होते.

मग प्याला फिरला. आमचा प्याला एकच, पितळी, सगळे त्यातूनच एकेक घोट घेतात. मी घेतला. मनात हे एवढं किल्मिष ठेवून घेतला. प्याला समोरच्या रांगेत गेला, तिच्या हातात आला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, थोडा वेळ त्यात पाहिलं, आणि तोंडाला न लावता शेजारणीकडे दिला.

मी ते डोळ्यांनी पाहिलं. पण राग अजून शिल्लक होता ना! मी स्वतःलाच म्हटलं, नाटकं आहेत. आमच्याकडे उरलेला रस टाकत नाहीत, ज्याने केला त्याने संपवायचा. उपासना सुटल्यावर मी मोरीपाशी उभी राहून तळाचा घोट प्याले, प्याला विसळला, कपाटात ठेवला. बाहेर आले तोवर ती निघून गेली होती.

संध्याकाळी तिचा फोन आला. मी नाव पाहिलं आणि वाजू दिला. सोमवारी पुन्हा आला. मी म्हटलं, राहू दे दोन दिवस, जरा कळू दे. मंगळवारी सकाळी परत तिचंच नाव. आता मात्र मला वाटलं, पुरे झालं, उचलावा. चार शब्द सुनावायचे आणि मग मिटवून टाकायचं, असं ठरवून मी उचलला. पलीकडे तिचा थोरला होता.

"काकी, आई गेली आमची."

अंगणात बोंबील निवडत बसली होती. बसल्या जागी कलंडली. सुनेने पाणी आणेपर्यंत संपलं होतं. नर्स म्हणून मला माहीत आहे की हृदय असंच थांबतं, त्याला कुणाचा अपराध लागत नाही. पण नर्स म्हणून माहीत असलेलं त्या दिवशी माझ्या काही कामाला आलं नाही.

त्यांच्या रीतीप्रमाणे दुपारीच नेलं. नेण्याआधी मुलांनी आमच्या मंडळीला अंगणात प्रार्थना करू दिली. पाळक माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही दोघी जोडीच्या. तुम्हीच करा." सगळ्यांनी डोळे मिटले. घसा बसलाय, अशी खूण मी केली. शेवटी पाळकांनीच प्रार्थना केली. लोकांना वाटलं, बिचारीला हुंदका आवरत नाही. हुंदका कसला, मला लाज वाटत होती.

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. मंडळीतल्या बाया भेटायला येत आणि सगळ्या एकच गोष्ट सांगून माझी समजूत काढत. "किती भाग्याची! ना दुखलं ना खुपलं. आणि बघा, आदल्या रविवारी प्रभुभोजनाला होती." मी मान हलवायचे. तिने प्याला घेतला नाही हे बहुधा मीच पाहिलं होतं. तिच्या शेजारची म्हातारी, तिला मोतीबिंदू. बाकीच्यांचे डोळे मिटलेले. आणि तिने तो का घेतला नाही, हे तर माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हा नव्या लोकांना मोल कळायचं नाही, असं तिसऱ्या पिढीची बाई तोंडावर म्हणाली, आणि तिने ते खरं मानलं. स्वतःला अपात्र समजून शेवटचा घोट सोडून ती देवाघरी गेली. मी अडवलं तिला. दारात आडवा हात धरला मी.

हा विचार मनात आला की हातातलं काम गळून पडायचं. मी देवाला म्हणायचे, माझं काय ते नंतर बघ, पण तिचं ते माझ्यामुळे राहिलं, ते तिच्यावर धरू नकोस. आणि लगेच वाटायचं, तू कोण गं देवाला सांगणारी? तिथेही पुन्हा तुझाच ताठा?

शेवटी दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी उठले. गाळायचं फडकं तिच्या घरचं होतं, ते धुवून इस्त्री केलं. फडकं परत करायचं हे निमित्त. खरं म्हणजे तिच्या सुनेला सगळं सांगून टाकायचं होतं. त्या घरातल्या कुणीतरी मला दोन शिव्या घालाव्यात, अशी फार इच्छा होती. लूम बंद, रस्ते मोकळे. रिक्षा गोदामांच्या रांगांमधून अंजूरला लागली तेव्हा मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

सून चुलीशी होती. मला बघून तिने चहा टाकला. मी बसलेच नाही.

"आधी ऐकून घे," मी म्हटलं. "मी तुझ्या सासूला वाईट बोलले होते. डब्यावरून. म्हणून त्या रविवारी तिने प्याला घेतला नाही. माझ्यामुळे ती तशीच गेली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

तिला काही उमगेना. हातात साखरेचा डबा धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

"प्याला? त्या दिवशी त्यांना काय पियाचंच न्हवतं काकी. दात काढलेला ना सकाली!"

"कुणाचा दात?"

"आईंचा. दाढ. आठवडाभर लवंग धरून बसलेल्या. रविवारी सकाली डाक्टरने काढली, कापूस घातला, बोलला दोन तास तोंड उघडू नका. मी बोलली, आज नका जाऊ. तर हातानेच बोलल्या, जायाचंच."

मी खाली बसले. खाटेवर की जमिनीवर, आठवत नाही.

"घरी आल्यावर कापूस काढला आणि हसाया लागल्या," सून सांगत होती. "बोलल्या, तोंडात रगत होतं, म्हनून प्याला पुढे दिला. सगल्यांचा एकच हाय तो. माझं रगत दुसऱ्याच्या तोंडात कशाला? आणि बोलल्या, वयनी समोर डोले मिटून बसलेली, रागाने नुसती लाल. मना हसू येत होतं पन हसता येईना. तुमाला फोन पन केला सांगायला. तुमी उचलला न्हाय तर बोलल्या, अजून तापलेली हाय, राहू दे, शनवारी जाऊन सांगते."

तीस वर्षं नर्सची नोकरी केली मी. दात काढून आलेल्या माणसांच्या रांगा पाहिल्या. आणि तोंडाला लवंगेचा वास, गाल सुजलेला, पदर तोंडावर, शब्द नाही, हे सगळं समोर बसलेलं असताना मला दिसला काय, तर रुसवा! मी हसायला लागले. ते हसू थांबेना, आणि त्याचं रडू केव्हा झालं ते कळलं नाही. सून घाबरून पाणी घेऊन आली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. छातीवरचं सगळं ओझं उतरलं आणि मी तिथे, तिच्याच घरात, बारा दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

चहा झाल्यावर मी विचारलं, "आणि मी काय बोलले, ते काय म्हणाली ती?"

"काय बोललेल्या तुमी?"

मग मी शब्द न शब्द सांगितला. नव्या लोकांना मोल कळत नाही, इथपर्यंत सगळं. सुनेने चहाचे कप उचलून बाजूला ठेवले. तिला लागलं असणार, लागायलाच हवं होतं. मग म्हणाली, "हे आई घरी न्हाय बोलल्या. डबा इसरली म्हनून वयनी रागावली, एवढंच बोलल्या." आणि उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक पिशवी होती. जाड पांढऱ्या कापडाची, डब्याच्या मापाची, गोल तळ, वर नाडी, आणि गळ्यात घालता येईल असा लांब पट्टा.

"रविवारी दुपारभर गाल शेकत होत्या आणि संध्याकाली मशीनवर बसल्या. मी बोलली, दुखतंय तर झोपा की. तर बोलल्या, आता डबा गल्यातच घालून नेईन. परत इसरला तर वयनी माझाच गला धरंल."

टाके दुहेरी मारले होते. पट्टा जिथे जोडला होता तिथे तर तिहेरी. इतक्या वर्षांत तिने एवढ्या नेटाने शिवलेलं काही मी पाहिलं नव्हतं. सून म्हणाली, न्या तुमीच. मी ती गळ्यात घातली आणि तशीच रिक्षात बसले.

वाटेत डोकं शांत झालं तसं एकेक उलगडत गेलं. मोल मला कळत होतं म्हणे! मी मनात राग ठेवून प्याले, लोकांना फसवायला डोळे मिटले, आणि वर मोरीपाशी उभी राहून उरलेलाही संपवला. तिने मात्र तोंडातलं रक्त दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून प्याला हातात घेऊन पुढे दिला. त्याच दिवशी दुखऱ्या गालाने बसून तिने ही पिशवी शिवली. माझे शब्द तिला लागले नाहीत असं मी म्हणणार नाही. लागलेच असतील. पण तिने ते घरात कुणाला सांगितले नाहीत, माझं नाव खराब होऊ दिलं नाही. माझ्यामुळे तिचं काही अडलं नव्हतं, ही सुटका फार मोठी होती. आणि मुळात मी कोण तिला अडवणारी? तिच्या आणि तिच्या प्रभूच्या मध्ये मी नव्हतेच कधी. मला स्वतःबद्दल इतकं छोटं आणि इतकं बरं या आधी कधी वाटलं नव्हतं.

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "अम्मा, गले में क्या है?"

"डब्बे की थैली है," मी म्हटलं.

"खाली है?"

"अभी खाली है."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मीच अंजूरला गेले. सुनेने मनुके भिजत घातले होते, मी न सांगता. डबा गळ्यात घालून आणला. रस गडद झाला, नेहमीसारखा.

रविवारी पाळकांनी "उठा" म्हटलं आणि सगळ्यात आधी मी उठले. उठले खरी, पण जायचं कुणाकडे? समोरच्या भिंतीपाशी तिची जागा मोकळी होती. तिथपर्यंत गेले, वळले, आणि लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून मी काय बोलले होते ते सगळ्यांना सांगितलं. ती दाढेची गोष्टही सांगितली. नव्याने विश्वासात आलेल्या चार-पाच बाया आहेत आमच्यात, त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांच्यातली एक उठली, माझ्यापाशी आली आणि तिने माझे हात हातांत घेतले. मग दुसरी. त्या दिवशी उपासना बरीच लांबली आणि कुणी कुरकुर केली नाही.

प्याला फिरून माझ्याकडे आला तेव्हा तळाशी एक घोट उरला होता. मागच्या महिन्यात उरला होता तो तिचा होता, आणि मी तो मोरीपाशी, रागात, घाईघाईने संपवला होता. हा मी तिच्या जागेवर बसून, सगळ्यांच्या देखत, डोळे उघडे ठेवून प्याले.